बांगड्या वाढवा

“ही गरोदर बाई आहे की पोलीस पाटील?” आमच्या ह्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं.

“तुम्ही आधी मागं सरा. तुमचा श्वास लागून वितळेल ती.”

“आँ?”

“मागं सरा म्हटलं!”

ह्यांनी उभी हयात यंत्रमागावर काढलेली. त्या खडखडाटात दोन्ही कान गेले, पण कान गेल्याची बातमी काही त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्यांचं ठाम मत. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी रिक्षा घेतली आणि मी घरात केक करायला लागले. आधी साधे, मग आकाराचे. कुणाला मोटार पाहिजे, कुणाला पुस्तक, एका वकिलाला तर कोर्टाचा हातोडा. इचलकरंजीत आमच्या भागात मला कुणी नावानं ओळखत नाही, केकवाली वैजू म्हटलं की लहान पोरगंही घर दाखवतं.

ही गोष्ट बरीच जुनी, पण ती बाहुली मला आजही जशीच्या तशी दिसते. डोहाळजेवणाचा केक होता. खाली गोल केक, त्यावर झोपाळा, आणि झोपाळ्यावर हिरव्या साडीतली पोटुशी बाहुली. सगळं फॉन्डंटचं, म्हणजे साखरेची मळलेली कणीक असते त्याचं. फार नखरेल काम. कोरडं पडलं की तडकतं, दमट झालं की रडायला लागतं. पंखा लावायचा नाही, फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, आणि नवऱ्याला जवळ उभं करायचं नाही.

“नाक मोठं झालंय,” हे म्हणाले.

“कस्तुरीचं आहेच तसं.”

कस्तुरी म्हणजे जिच्यासाठी केक चालला होता ती. मागच्या आळीतल्या आक्कांची सून. सून म्हणायची, खरं तर भाचसून. आक्कांना नवरा फार लवकर गेला, मूलबाळ नाही. भावाचं आईवेगळं पोर त्यांनी वाढवलं, तो सुजित. पुण्याला नोकरीला होता. बायकोला सातवा लागला तसा तिला आक्कांजवळ आणून सोडलं होतं आणि स्वतः सुट्टी मिळेल तेव्हा गाडी हाणत यायचा.

केक सांगायला कस्तुरी स्वतः आली होती. खुर्चीत बसताना “आई गं” म्हणाली आणि आपणच हसली.

“मावशी, पोट माझ्याएवढं करा हां. कंजूषपणा नको.”

“तेवढं केलं तर झोपाळा मोडेल.”

“आणि बांगड्या भरपूर. हे बघा माझे हात.” तिनं दोन्ही हात पुढं केले. सुजून फुगले होते नुसते. “कासाराला बोलावलं होतं. दोन-दोन चढवल्या तर डोळ्यांत पाणी आलं. आक्का म्हणाल्या, राहू दे. माझ्या हातात नाहीत तर तिच्या तरी हातात कोपरापर्यंत घाला.”

“अगं, एवढासा हात असतो बाहुलीचा. चार-चार पुष्कळ झाल्या. जास्त घातल्या तर हात खाली येतो वजनानं.”

“सुजितला भरलेला हात आवडतो,” ती म्हणाली आणि लाजली. मी तेवढ्यावर विषय मिटवला. ग्राहकाचं सगळंच ऐकायचं म्हटलं तर काम उभं राहत नाही.

तर त्या दिवशी दुपारी माझ्या चार-चार घालून झाल्या होत्या. हिरव्या फॉन्डंटची सुतासारखी वळी, ओल्या ब्रशनं मनगटाला चिकटवलेली, वर सोनेरी पावडर. दृष्ट लागावी असे हात झाले होते. मी हात धुवायला उठणार एवढ्यात फोन वाजला. माझी बोटं चिकट, म्हणून ह्यांनी घेतला.

“हां! बोला! कोण? आक्का! हां, आक्का, बोला की! जोरात बोला जरा!” सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं हे बोलत होते. “बाहुलीच्या? काय? बांगड्या! बांगड्या काय? वाढवा? बांगड्या वाढवा! हां, हां, आलं ध्यानात! सांगतो! कळेल की, का नाही कळायचं!”

फोन ठेवला आणि माझ्याकडं वळले. “आक्कांचा फोन. बाहुलीच्या बांगड्या वाढवा म्हणाल्या. वैजूला सांगा, तिला कळेल.”

“आता? चारला कार्यक्रम आणि आता बांगड्या वाढवा? काय बाई लोक असतात एकेक! अजून काही म्हणाल्या?”

“नाही. ठेवलाच फोन.”

“रागावल्या होत्या काय?”

“आता राग फोनमधनं कसा दिसणार? आवाज बसला होता, एवढं खरं. सर्दी झाली असेल.”

मी म्हटलं, पोरीनं हट्ट धरला असणार. सासूला फोन करायला लावला. लाडच फार चाललेत. तोंडानं बडबडत होते, पण बसले परत. हिरवा गोळा मळला, वळ्या केल्या, एकेक चढवत गेले. हात खाली येऊ नये म्हणून कोपराखाली बिस्किटाचा टेकू दिला, त्यावर पदर सोडला. कोपरापर्यंत चुडा भरला. झाल्यावर मलाच इतका आनंद झाला म्हणून सांगू! हे सुद्धा म्हणाले, “आता शोभतीय लेकुरवाळी.”

केकचा खोका मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले. हे खड्डा चुकवत चालवत होते आणि मी मागून ओरडत होते, हळू, हळू. आक्कांच्या आळीत वळलो तर सगळं चिडीचूप. नळावर बायका उभ्या होत्या, त्यांनी माझ्या मांडीवरचा खोका बघितला आणि माना फिरवल्या. कोपऱ्यावर चार पुरुष हात बांधून उभे. एकानं ह्यांना थांबायची खूण केली, हे आपले हॉर्न वाजवून पुढं.

“कुणाच्यात तरी काहीतरी झालंय वाटतं,” मी म्हणाले. ह्यांना ऐकू गेलं नाही.

आक्कांच्या दारात चपला नव्हत्या. डोहाळजेवण म्हटल्यावर उंबऱ्यात पाय ठेवायला जागा नसते. मी म्हटलं, आपणच लवकर आलो.

दार आक्कांनी उघडलं. पांढरी, पातळ जरीकाठाची चांगली साडी नेसल्या होत्या, पण पदर कसाही खोचलेला. माझ्याकडं बघितलं, खोक्याकडं बघितलं आणि दाराची कडी धरूनच उभ्या राहिल्या.

“तू आलीस?”

“उशीर झाला काय आक्का?”

त्या काही बोलायच्या आत आतून कस्तुरीचा आवाज आला. “आक्का, केक आलाय ना? मला आधी दाखवा.”

“नंतर बघ गं बाळ—”

“आधी दाखवा!”

एवढी गोड पोरगी, असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. मी आत गेले. सोप्यात झोपाळा फुलांनी सजवला होता. त्यावर ती बसली होती, हिरवी साडी, केसांत वेणी, गळ्यात शेजारणींनी सकाळी घातलेले कळ्यांचे दागिने. कळ्या मलूल झाल्या होत्या. समोर सतरंज्या अंथरलेल्या आणि त्यांवर एक बाई नाही. तिनं झोपाळ्याच्या दोन्ही कड्या घट्ट धरल्या होत्या.

“उघडा,” ती म्हणाली.

मी खोका टीपॉयवर ठेवून झाकण काढलं. आजवर जिनं जिनं माझा केक बघितला तिनं आधी तोंड बघितलं. बाहुलीचं तोंड, मग साडी, मग बाकीचं. हिनं तोंडाकडं बघितलंच नाही. तिची नजर थेट हातांवर गेली. वाकून बघितलं. एक बोट पुढं केलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत हळूहळू नेलं, आंधळी माणसं नेतात तसं.

मग तिनं एवढा मोठा श्वास सोडला की झोपाळा हलला.

“आक्का!” ती हसायलाच लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. “आक्का, बघा की किती बांगड्या! कोपरापर्यंत! आणि मी वेडी... मी काय वेडी आहे हो!” तिनं माझा हात धरला, सोडेना. “मावशी, तुमचं भलं होऊ दे. आक्का, मला जेवायला वाढा. दुपारपासून घास उतरला नाही. पोटात बाळ लाथा मारायलंय भुकेनं.”

आक्का जागच्या हलल्या नाहीत. मीच म्हटलं, “अहो वाढा की आक्का, पोरीला भूक लागलीय.”

त्यांनी पान वाढलं. पुरणपोळी, भात, भजी, सगळा स्वयंपाक सकाळीच झालेला. कस्तुरी झोपाळ्यावरच ताट घेऊन बसली आणि जेवायला लागली. असं भराभरा, मनापासून, की बघणाऱ्यालाही बरं वाटावं. मध्येच बाहुलीकडं बघायची आणि परत पोळी तोडायची.

आक्कांनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. दार लोटलं.

“निरोप मिळाला नाही होय तुला?”

“मिळाला की. म्हणून तर नव्या घातल्या. सगळी दुपार गेली माझी.”

“काय निरोप मिळाला?”

“बांगड्या वाढवा.”

“मग?”

“मग वाढवल्या की आक्का!”

आक्कांनी आपला उजवा हात माझ्या डोळ्यांपुढं धरला. सुरकुतलेलं, मोकळं मनगट. “अगं बाई,” त्या म्हणाल्या, “माझ्या वाढवल्या तशा.”

लहानपणापासून ऐकलेला शब्द. आमच्यात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, काढली असंही म्हणत नाही. वाढवली म्हणतात. माझी आई म्हणायची, मी म्हणते. आणि फॉन्डंटचा गोळा हातात असताना तोच शब्द माझ्या डोक्यावरून गेला होता.

“कोण?” मी विचारलं. विचारायला नको होतं, दुसरं कोण असणार!

“सुजित. पहाटे निघाला होता. हायवेला ट्रकच्या मागं...” त्या थांबल्या, पदर तोंडात कोंबला, परत काढला. “सरकारी दवाखान्यातनं घेऊन यायलेत. हिचा रक्तदाब वाढलेला, डॉक्टर म्हणाले, आई जवळ आल्याशिवाय सांगू नका. तिची आई निघालीय गडहिंग्लजहून. शेजारणीला पाठवून बायकांना थोपवलं. तुला फोन केला, तर फोन सोप्यात, आणि ही समोर झोपाळ्यावर. उघड कसं बोलू? म्हटलं, वैजू बाईमाणूस आहे, शब्दावरनं ओळखेल, येणार नाही.”

“आक्का, फोन ह्यांनी घेतला होता...”

“ते कळलं मला.” त्या दाराच्या फटीतून बघत होत्या. “जेवायलीय बघ कशी. दुपारपासून पाणी घेत नव्हती माझ्या हातचं.”

“आता काय करायचं?”

“काय करायचं? जेवू दे. तू तोंड नीट कर आणि बाहेर चल. तिची आई येईपर्यंत हसायचं.”

ज्या बाईनं ते पोर लहानाचं मोठं केलं ती मला हसायला सांगत होती. मी चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर गेले.

कस्तुरीनं ताट स्वच्छ केलं होतं. “मावशी,” ती म्हणाली, “बायका कधी येतील तेव्हा येतील. ओटी तुम्ही भरा. पहिल्या सवाष्ण तुम्ही आलात.”

मी आक्कांकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. तयारी होतीच ताटात. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकवाची डबी. आक्का स्वतः भरू शकत नव्हत्या, त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी कस्तुरीच्या ओटीत तांदूळ घातले, नारळ ठेवला. मग डबी उघडली. कुंकवात बोट बुडवलं आणि ते बोट उचलेनाच.

“लावा की,” ती म्हणाली. “थांबलात का?”

“दुपारभर वळ्या केल्या, बोटं आखडलीत.” मी लावलं. ठसठशीत लावलं. देवा, तेवढं एक काम माझ्या हातनं का करून घेतलंस!

कस्तुरीनं मला जवळ ओढलं आणि हळू आवाजात म्हणाली, “हसू नका हां. दुपारी आक्का फोनवर बोलल्या ना, बांगड्या वाढवा, तेव्हा माझ्या मनात नको ते आलं. आमची आजी साधी बांगडी पिचकली तरी वाढवली म्हणायची. आणि आक्का माझ्याकडं बघतच नव्हत्या. माझा फोन चार्जिंगला लावलाय म्हणतात, देत नाहीत. बायका येईनात. मी म्हटलं, विचारायचं नाही. विचारलं तर सांगतील. केक येऊ दे. बाहुलीचे हात मोकळे असले, किंवा केक आलाच नाही, तर समजून जायचं.”

“आणि भरलेले असले तर?”

“मग काय! मीच सांगितलं होतं तुम्हाला, भरपूर घाला म्हणून. तेच आक्कांनी सांगितलं, एवढंच.” ती परत हसली. “दुपारभर देवाला नाही, तुमच्या केकला हात जोडून बसले होते.”

मी म्हणाले, “या दिवसांत असं काहीबाही मनात येतंच.”

बाहेर मोठ्या गाडीचा आवाज आला. आळीत गलका नाही, नुसता आवाज, आणि मग दारं उघडल्याचा.

“सुजित आला!” कस्तुरी उठली. ओटीतले तांदूळ सांडले, नारळ घरंगळत भिंतीपाशी गेला. आक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून.

“बस बाळ. बस जरा.”

ती बसली नाही. आक्कांकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझं तोंड मी नीट ठेवलं होतं असं मला वाटत होतं.

“मावशी,” ती म्हणाली, “तुम्हाला शब्द कळला नव्हता, होय?”

माझ्या हातात कुंकवाची डबी तशीच उघडी. “नाही गं बाई,” मी म्हणाले. “नाही कळला.”

तेवढ्यात तिची आई आली. उंबऱ्यातच जी बसली आणि जो हंबरडा फोडला, त्यानंतर कुणाला काही सांगावं लागलं नाही. कस्तुरी रडली नाही. ती केकपाशी गेली, बाहुलीचा हात धरला आणि बांगड्या ओढायला लागली. ओल्या ब्रशनं चिकटवलेल्या त्या, निघतात कुठल्या! बिस्किटाचा टेकू सुटला, हात खांद्यातून तुटून तिच्या मुठीत आला. तिची बोटं हिरवीगार झाली. मग तिनं स्वतःच्या बांगड्या ओढल्या. सुजलेला हात, त्या जागच्या हलेनात. तिनं मनगट उचलून झोपाळ्याच्या कडीवर आपटलं.

“नको!” आक्का धावल्या. तिचे दोन्ही हात छातीशी धरून तिथंच खाली बसल्या. “तू नको गं वाढवू. कुणी हात लावायचा नाही हिच्या हातांना. निघत नाहीत त्या. राहू देत. राहू देत म्हणते ना मी!” आणि मग त्या सुजितच्या नावानं रडल्या. सकाळपासूनचं सगळं एकदम बाहेर आलं. ते ऐकवत नव्हतं.

बायका आत शिरायला लागल्या. मला कुणीतरी बाजूला सारलं. मी डबी कोनाड्यात ठेवली आणि बाहेर पडले.

आळीभर माणसं उभी होती. कुणी खोकतही नव्हतं. गाडीतून पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं उतरवत होते. हे रिक्षाजवळ टोपी काढून उभे होते, डोळे भरलेले. कोण गेलं ते त्यांना दिसलं होतं, बाकी काही माहीत नव्हतं. मी जवळ गेले तसे ते वाकले आणि त्यांच्या मते हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले,

“अगं, मग बांगड्या कशाला वाढवायला लावल्या त्यांनी?”

पन्नास माना वळल्या. सांगायचं तर मला ओरडून सांगावं लागलं असतं. मी गप्प राहिले. त्यांना वाटलं मला ऐकू गेलं नाही, म्हणून ते अजून मोठ्यानं म्हणाले, “बांगड्या गं! बांगड्या कशाला—”

मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. हात काढला तर त्यांच्या पांढऱ्या मिशीला माझ्या बोटाचं कुंकू लागलं होतं, लालभडक.

“काय लागलं?” म्हणत त्यांनी पुसायला रुमाल काढला.

मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि पुसू दिलं नाही.